सोळा आण्यांतले किती आणे क्वार्टरबॅकचे? हरलेल्या मॅचची कीर्द कशी लिहावी

२ फेब्रुवारी २०१४, रविवार. डेन्व्हरच्या उपनगरातलं आमचं घर, नारिंगी टी-शर्ट घातलेली चौदा माणसं, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. साठ वड्यांचं सारण तयार होतं. तळायची पाळी नवऱ्याची होती, कारण मॅच मला बघायची होती. डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध सिअ‍ॅटल सीहॉक्स, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा अंतिम सामना. पहिला घाणा कढईत पडतोय तोवर बाहेर आरडाओरडा झाला म्हणून नवरा झाऱ्यासकट धावत आला. पडद्यावर सिअ‍ॅटल २, डेन्व्हर ०.

"दोन? दोन कसले?"

मॅच सुरू होऊन बारा सेकंद झाले होते.

शेवटी स्कोअर ४३-८. सामना न्यू जर्सीत होता, त्यामुळे एडिसनच्या नणंदेचा फोन आला, "आमच्या दारात येऊन हरलात की हो वहिनी." सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, मॅनिंगनं घालवली. मॅनिंग म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. संध्याकाळी मी ते घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "ते पहिले दोन गेले तेव्हा चेंडू त्याच्या डोक्यावरनं गेला होता. त्यानं हात तरी लावलता का?"

बाबांना फुटबॉलचा एक नियम माहीत नव्हता. पण चाळीस वर्षं ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. आधी कीर्द, मग खतावणी, हे त्यांच्या हाडात होतं. जे घडलं ते घडलं त्या क्रमानं कीर्दीत उतरवायचं, आणि मग कुणाच्या नावे किती ते खतावणीत चढवायचं. उलटं करणारा माणूस आधी आसामी पक्का करतो आणि मग त्याच्या नावे रकमा शोधत बसतो. मीही इथे अकाउंट्सच बघते, पण ही गोष्ट मला तोवर मॅचला लावायची सुचली नव्हती. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून एका डायरीत ती मॅच लिहून काढली. तेव्हापासून कुठलाही दणदणीत पराभव मी असाच लिहिते. तुम्हालाही लिहिता येईल. एक कागद, पेन्सिल आणि इंटरनेटवर मिळणारा त्या मॅचचा प्ले-बाय-प्ले, म्हणजे खेळीगणिक नोंद, एवढं पुरतं.

नवीन माणसांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक बाजूला अकरा जण. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. क्वार्टरबॅक तो घेतो आणि अडीच-तीन सेकंदांत कुणाला फेकायचं ते ठरवतो. तेवढा वेळ त्याला मिळावा म्हणून पाच दांडगे गडी समोरच्यांना अडवून धरतात, ती लाइन. मैदानाच्या दोन्ही टोकांचे पट्टे म्हणजे एंड झोन, चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन. क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू समोरच्या टीमनं झेलला की इंटरसेप्शन. आपल्याकडचे लोक क्वार्टरबॅकला कॅप्टन समजतात आणि तिथेच फसतात. बचाव करताना तो बाकावर बसलेला असतो. समोरच्यांनी धावा, म्हणजे गुण, लुटले तरी त्याला मैदानात उतरताच येत नाही.

म्हणून कागदावर आधी मधोमध रेघ मारा. डावीकडे "दिले", उजवीकडे "केले नाहीत". कुठली बाजू जड आहे ते बघा. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामीनं आमच्या ब्रॉन्कोजना ७०-२० असं धुतलं. मायामीनं ७२६ यार्ड काढले, दहा टचडाऊन केले. अशा मॅचमध्ये क्वार्टरबॅकच्या नावानं बोटं मोडायला बसाल तर तुमची कीर्द पहिल्याच ओळीला चुकली. सत्तर दिलेत! तिथे बचावाच्या खात्यात बारा-तेरा आणे टाका आणि वही मिटा. (त्या दिवशी डेन्व्हरचा क्वार्टरबॅक होता रसेल विल्सन. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलकडून आम्हाला बडवणारा तोच. नवरा म्हणतो, त्यानं दोन्हीकडून आमचं वाटोळं केलं. नवऱ्याला कीर्द लिहायची सवय नाही.)

आता २०१४ कडे. तिथे दोन्ही बाजू जड होत्या, म्हणून शिकायला तीच मॅच उत्तम.

सिअ‍ॅटलचे ४३ गुण एका ओळीत एक असे उतरवायचे. गुण किती, आणि त्यांच्या हातात चेंडू कसा आला, एवढंच. विशेषण नको, नावही शक्यतो नको.

पहिले २. सेंटरनं स्नॅप वेळेआधी दिला. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग पुढे चालत येऊन लाइनला काहीतरी सांगत होता, चेंडू त्याच्या डोक्याशेजारून मागे एंड झोनमध्ये. आमच्याच नोशॉन मोरेनोनं त्यावर अंग टाकलं म्हणून टचडाऊनच्या सातांच्या जागी दोनच गेले (आपल्याच एंड झोनमध्ये चेंडूसकट अडकलं की समोरच्याला दोन). पुढचे ३ आणि ३, दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथाडलेले चेंडू. मग ७. मॅनिंगचा पास उंच गेला, कॅम चॅन्सलरनं झेलला, थोड्या वेळानं मार्शन लिंच एक यार्डावरून घुसला. मग पुन्हा ७. मॅनिंग फेकत असताना क्लिफ एव्ह्रिलचा त्याच्या हाताला धक्का, चेंडू लटपटत हवेत, माल्कम स्मिथ तो घेऊन ६९ यार्ड पळाला. मध्यंतर, २२-०. दुसऱ्या अर्धाच्या किकऑफलाच, म्हणजे खेळ सुरू करायच्या किकवरच, पर्सी हार्विन ८७ यार्ड पळत गेला, आणखी ७. इथेही बारा सेकंदच. मग आमच्या डिमेरियस थॉमसनं पास झेलला, पळाला, आणि त्याच्या हातातून चेंडू पाडला गेला, त्यातून ७. शेवटी आणखी ७. बेरीज ४३.

ही यादी पूर्ण होईपर्यंत एकाचाही दोष काढायचा नाही, एवढा संयम पाळा. आमच्याकडे बाबांनी सक्त ताकीद दिली होती. "कीर्द लिहिताना जो तोंड उघडतो त्याला अडतीवर ठेवत नाहीत."

आता प्रत्येक ओळीपाशी एक प्रश्न विचारा. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून त्याच्या मर्जीनं सुटला का?

हार्विनच्या ओळीला उत्तर सोपं आहे, मॅनिंग बाकावर होता. थॉमसच्या ओळीलाही. पास पोचला होता, पुढचं थॉमसचं. स्नॅपच्या ओळीला मी आधी साफ "नाही" लिहिलं होतं. मग विचार केला. स्नॅपची खूण कधी द्यायची, गोंगाटात ती कशी पोचवायची, हे सगळं मॅनिंगनंच बसवलेलं. अख्ख्या अमेरिकेला तो "ओमाहा, ओमाहा" ओरडताना पाठ झाला होता. तर ती घडी विस्कटली यात त्याचेही दोन पैसे असतील. दोनच. (आणा म्हणजे चार पैसे, विसरला असाल म्हणून.)

इंटरसेप्शन हा सगळ्यात फसवा प्रकार. आकड्यांच्या तक्त्यात सगळी इंटरसेप्शनं क्वार्टरबॅकच्या नावे पडतात. तक्ता बाजूला ठेवून रिप्ले बघा, तोही क्वार्टरबॅकच्या पाठीमागून दाखवतात तो. पायाखाली जागा आहे, अंगावर कुणी नाही, तरी चेंडू चुकीच्या जागी गेला, तर तो पूर्ण त्याचा. चॅन्सलरनं झेललेला तसाच, मी पूर्ण लावला. हाताला धक्का बसून सुटलेला चेंडू निम्म्याहून जास्त लाइनचा. निम्म्याहून जास्त म्हणते, पूर्ण नाही, कारण येणारा गडी दिसत असताना चेंडू पोटाशी धरून पडून राहणं हाही क्वार्टरबॅकच्या कामाचाच भाग. आपल्याच माणसाच्या हाताला लागून उडालेला त्या माणसाचा. राहिला चौथा प्रकार, जिथे धावणारा एकीकडे वळला आणि चेंडू दुसरीकडे गेला. नेमकं कोण चुकलं ते आतल्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नसतं. त्यासाठी वहीच्या तळाशी अनामत खातं उघडा आणि तिथे ठेवून द्या. टीव्हीवरचे पंडित हे खातं कधीच उघडत नाहीत.

लाइनचा दोष मोजायला स्टॉपवॉच नको. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आजोबांनी त्याला शिकवलं, स्नॅप झाला की सावकाश "पांडुरंग, पांडुरंग" म्हणायचं. एक पांडुरंग साधारण एका सेकंदाचा. दुसरा पुरा व्हायच्या आत क्वार्टरबॅक आडवा झाला, तर लाइनच्या नावे. तिसरा संपून चौथा सुरू झाला तरी तो चेंडू घेऊन नाचतोय आणि मग पडला, तर त्याच्या स्वतःच्या नावे. मुलगा आता कॉलेजात आहे. मित्रांबरोबर मॅच बघतानाही त्याचे ओठ हलतात, आणि मित्रांना वाटतं, पोरगा प्रार्थना करतोय.

पांडुरंग मोजताना आणखी एक बघा. धावून किती जण आले? चारच आले आणि तरी पोचले, तर मामला गंभीर. म्हणजे सात जण मागे राहून सगळे रस्ते अडवून बसलेत आणि पुढच्या चौघांनी पाच जणांची लाइन फोडलीय. अशा वेळी क्वार्टरबॅकला वेळही नाही आणि फेकायला जागाही नाही. पाच-सहा जण आले आणि तरी त्यानं मोकळा माणूस शोधला नाही, तर मात्र त्याला माफी नाही.

याचं एक उदाहरण ९ फेब्रुवारी २०२५ चं. न्यू ऑर्लिन्सला फिलाडेल्फियानं कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवलं. फिलाडेल्फियानं त्या दिवशी जादा माणूस एकदाही धाडला नाही. चौघांच्या जोरावर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा पाडलं. ही मॅच आणखी एका कारणासाठी वहीत हवी. तक्त्यात महोम्सचे २५७ यार्ड आणि तीन टचडाऊन दिसतात. वाटेल, अरे, खेळला की बरा! पण मध्यंतराला २४-० होतं आणि त्याचे यार्ड होते ३३. पुढे ३४-० झालं. उरलेला सगळा माल मंडई उठल्यावरचा.

तेव्हा मॅच कुठल्या मिनिटाला मेली ते ठरवा आणि तिथे लाल रेघ मारा. रेघेखालचं दोषातही धरायचं नाही आणि श्रेयातही नाही. २०१४ ची माझी लाल रेघ थॉमसच्या ओळीखाली, ३६-० वर. शेवटचे सात गुण मी कुणाच्याच नावे टाकले नाहीत. नवऱ्याची रेघ २२-० वर आहे. यावर आमचं आजही पटत नाही. माझं म्हणणं, ज्या टीमनं त्या मोसमात सोळा मॅचमध्ये ६०६ गुण केले, तिला अख्खा अर्धा सामना हातात असताना मेली कसं म्हणता?

त्या ६०६ मुळेच उजवी बाजू लिहावी लागते, "केले नाहीत" ती. मॅनिंगचे चाहते इथे पळ काढतात. मीही काढणार होते. पण मॅचला सरासरी ३८ च्या आसपास करणारी टीम ८ वर थांबते, तर तीस गुण गेले कुठे? मॅनिंगनं ४९ पैकी ३४ पास पोचवले. सुपर बोलमधला तो तेव्हाचा विक्रम. थॉमसनं तेरा झेलले, तोही तेव्हाचा विक्रम. असे आकडे बघून चाहता खूश होतो. आता भागाकार करा. २८० यार्ड भागिले ४९, म्हणजे फेकीमागे ५.७. मोसमभर हाच आकडा होता ८.३. चेंडू पोचत होता, पण जवळ, आखूड, आणि झेलणारा झेलल्याक्षणी जमिनीवर. घरात धान्य आलं, पण चिमटी-चिमटीनं. टक्केवारी कधीच एकटी बघू नका, भागाकार करून बघा.

या आखूडपणाचा दोष कुणाचा? इथे मी बराच वेळ अडले. लांबचं उघडं सापडत नसेल तर माणूस जवळचं फेकणारच. सिअ‍ॅटलनं त्या मोसमात सगळ्यांत कमी गुण दिले होते, २३१. सगळ्यांत कमी यार्ड आणि सगळ्यांत जास्त चेंडू हिसकावलेलेही तेच. धावून यार्ड काढावेत तर डेन्व्हरला दिवसभरात २७ मिळाले. बाबांनी मधेच विचारलं, "समोरच्याचं खातं कुठाय?" मी उघडलंच नव्हतं. आपण हरलो म्हणजे आपल्यापैकीच कुणीतरी घालवली असणार, असं धरून चालतो आपण. समोरचा चांगला खेळला हे लिहायला हात जड होतो.

तर सोळा आण्यांतून पहिली वजावट समोरच्यांची. उरलेल्यातूनच आपल्या माणसांना वाटायचं. आमच्या डायरीतलं पान असं आहे: सिअ‍ॅटल सहा आणे. सेंटर आणि लाइन तीन. हार्विनला मोकळा सोडणारे किकऑफवाले एक. बचाव एक. थॉमस एक. कोच लोक एक, कारण मध्यंतरानंतरही त्यांनी काही वेगळं करून दाखवलं नाही. मॅनिंग तीन. झाले सोळा. चॅन्सलरच्या पासचा एक, हाताला धक्का बसला त्यातला अर्धा, स्नॅपचा अर्धा, आखूडपणाचा एक, असे ते तीन.

दहा आण्यांतले तीन म्हणजे काही थोडे नव्हेत. टीममधल्या कुणाही एकट्याच्या नावे एवढे नाहीत, कारण लाइनचे तीन पाच-सहा जणांत वाटले जातात. सगळ्यांत जास्त दोष त्याचाच, आणि तरी मॅच त्यानं घालवली नाही. ऑफिसात हे वाक्य मी दोनदा म्हणून बघितलं. कुणाला कळलं नाही.

हात बसावा म्हणून आणखी दोन मॅच लिहून बघा. ७ फेब्रुवारी २०२१ ला टॅम्पा बेनं कॅन्सस सिटीला ३१-९ हरवलं, तेव्हा लाइनचे दोन्ही टोकांचे नेहमीचे गडी जायबंदी होते. महोम्सवर २९ वेळा माणसं धावून आली. तो जीव मुठीत धरून पळत होता. एकदा तर जमिनीला समांतर, आडवा हवेत असताना त्यानं फेकलेला चेंडू एंड झोनमध्ये आपल्या माणसाच्या तोंडावर जाऊन आदळला, आणि त्या माणसाला तो धरता आला नाही. तक्त्यात तो महोम्सचा वाया गेलेला पास. वर टीमला अकरा दंड, १२० यार्डांचे. माझ्या वहीत महोम्सचे दोन आणे, आणि तेही हात आखडून. कॅन्सस सिटी आमचे जुने वैरी, तरी दोनच. हेही पाळा. आवडत्याचा हिशेब करताना पेन्सिल जड धरायची, नावडत्याचा करताना हलकी.

उलट २८ जानेवारी २००१ ची बाल्टिमोर ३४, न्यूयॉर्क जायंट्स ७. न्यूयॉर्कचा क्वार्टरबॅक केरी कॉलिन्सनं ३९ पैकी १५ पास पोचवले, ११२ यार्ड, चार इंटरसेप्शन. टीमचं एकमेव टचडाऊन किकऑफ परतवून आलं, म्हणजे त्यात त्याचा हातच नाही. बाल्टिमोरचा बचाव भयंकर होता. सोळा मॅचच्या मोसमात फक्त १६५ गुण दिले होते, तेव्हा वजावट घसघशीत सात आण्यांची. तरी उरलेल्या नऊमधले सहा मी कॉलिन्सला लावते. अशी माणसंही असतात. पद्धत दयाळू आहे असा समज करून घेऊ नका.

एक अडचण मात्र मला अजून सोडवता आलेली नाही. २६ जानेवारी २००३ ला ओकलंड टॅम्पा बेकडून ४८-२१ असं हरलं. ओकलंडचा क्वार्टरबॅक रिच गॅननची पाच इंटरसेप्शन, त्यातली तीन थेट टचडाऊन होऊन परत आली. वरवर पाहता दहा आण्यांचा धनी. पण टॅम्पाचा कोच जॉन ग्रुडन आदल्या वर्षापर्यंत ओकलंडचाच कोच होता. गॅननला त्यानंच घडवलं होतं, आणि ओकलंडचा खेळ बराचसा त्यानंच बसवलेला. मालकाच्या तिजोरीची किल्ली जुन्या दिवाणजीकडे राहिली आणि चोरी झाली, तर पहारेकऱ्याला किती धरायचं? मी चार आणे अनामत खात्यात टाकलेत. वीस वर्षं होऊन गेली, ते तिथेच आहेत.

बाबा आता सांगलीतच असतात. प्रवास झेपत नाही. पण सुपर बोल आमच्याकडे रविवारी रात्री संपतो तेव्हा त्यांची सोमवारची सकाळ असते, आणि चहा झाला की फोन येतोच. २०२५ लाही आला.

"किती लावलेस त्या पोराला?"

"पाच आणे."

"सहा वेळा पाडलं म्हणतेस ना? आणि माणसं चारच येत होती?"

"हो."

"मग चार कर."

मॅच त्यांनी पाहिली नव्हती. मी खोडरबर घेतला.